आतड्यातले जिवाणू आणि जुनाट लिव्हरचे आजार: दारातून विचारलेले प्रश्न

मी नागपुरात पोटाचे आणि लिव्हरचे रुग्ण बघतो. समोर बसलेला माणूस रिपोर्टबद्दल बोलतो आणि खरा प्रश्न त्याला दाराच्या कडीला हात लावल्यावर आठवतो: "सर, ते दही चालेल ना?" अलीकडे अशा दारातल्या प्रश्नांत पोटातल्या जंतूंचा विषय फार निघतो. मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, शेजाऱ्याने पावडरचा डबा दाखवलेला असतो. तेव्हा दारात उभ्या उभ्या दिलेली अर्धवट उत्तरं इथे नीट लिहून काढली आहेत. औषधं मात्र हे वाचून बदलू नका, ती तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

लिव्हर बरगडीखाली, जंतू आतड्यात. एकमेकांशी संबंध काय?

रक्ताचा. हातापायांकडून परतणारं रक्त सरळ हृदयाकडे जातं. आतड्याकडून निघालेलं रक्त तसं जात नाही, ते पोर्टल शिरेतून आधी लिव्हरमध्ये शिरतं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण ७० ते ७५ टक्के रक्त याच वाटेने येतं. त्यातून जेवणातली साखर आणि अमिनो आम्लं येतात, तशीच जंतूंनी बनवलेली रसायनं आणि मेलेल्या जंतूंचे तुकडेही येतात.

पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा. ट्रक थांबायचा, ताडपत्री वर व्हायची, माल बघितला जायचा, मगच तो गावात. लिव्हर हा असा नाका आहे. कुप्फर नावाच्या पेशी तिथले शिपाई. आतड्यातून चुकून आलेला जंतू किंवा त्याचा तुकडा दिसला की त्या तो गिळून टाकतात. निरोगी माणसात हे काम रोज, गाजावाजा न होता चालू असतं.

उलट दिशेनेही व्यवहार आहे. लिव्हर पित्त बनवून आतड्यात सोडतं. पित्तातली आम्लं साबणासारखी असतात: तेल-तूप फोडतात आणि काही जंतूंची वाढ आवरून धरतात. आतड्यातले जंतू याच आम्लांचं रूप बदलतात, आणि त्यातली सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जाऊन लिव्हरकडे परततात. पुढचं पित्त किती बनवायचं, साखर आणि चरबीचं काय करायचं, यातले बरेचसे निरोप लिव्हरला या परत आलेल्या आम्लांतून मिळतात. नवराबायकोसारखं आहे, एक बिघडला की दुसऱ्याला पत्ता लागतोच.

"आतडं गळतं" म्हणजे आतड्याला भोक पडतं का?

नाही. भोक पडलं तर तासाभरात ऑपरेशन टेबल गाठावं लागतं. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. शेजारशेजारच्या पेशी प्रथिनांच्या टाचांनी एकमेकींना शिवलेल्या असतात. दारू, जंतूंचा बिघडलेला समतोल, पोर्टल शिरेत वाढलेला दाब यांनी या टाचा सैल होतात. मग काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणातला एक विषारी घटक, एंडोटॉक्सिन, नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात लिव्हरकडे जातो. शिपाई खवळतात, दाह सुरू होतो. वर्षानुवर्षं असं चाललं की दाहाच्या जागी व्रण पडतात. तो फायब्रोसिस. व्रणांनी लिव्हर गाठीगाठींचं झालं की सिरॉसिस.

इंटरनेटवर "लीकी गट"च्या नावाखाली थकव्यापासून केस गळण्यापर्यंत सगळं खपवलं जातं. त्यातलं बरंचसं मी मानत नाही. लिव्हरच्या बाबतीत मात्र या गळतीला आधार आहे.

दारूचं म्हणाल तर आमचे काका फक्त मोहाची घेतात. ती शुद्ध असते ना?

आतड्याच्या टाचा उसवणारं रसायन अल्कोहोलपासूनच बनतं. अल्कोहोल मोहफुलातून आलं की बाटलीतून, हे लिव्हरला कळत नाही. मोहफुलं भाजून खा, त्यांचे लाडू करा, माझी हरकत नाही.

एक गोष्ट मात्र खरी आहे. सारखीच पिणाऱ्या दोन माणसांपैकी एकाचं लिव्हर कोसळतं आणि दुसऱ्याचं बरीच वर्षं निभावतं. यात अनुवंश, वजन, पिण्याची पद्धत यांचा वाटा आहे, आणि जंतूंचाही आहे. एन्टरोकॉकस फिकॅलिस या जंतूच्या काही जाती सायटोलायसिन नावाचं विष बनवतात. दारूमुळे लिव्हरला तीव्र सूज आलेल्या ज्या रुग्णांमध्ये हे विष बनवणारी जात सापडली, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. याच संशोधनात उंदरांमध्ये जंतूंना मारणारे विषाणू वापरून ती जात कमी केली, तेव्हा लिव्हरची हानी घटली. उंदरांमध्ये, हे लक्षात असू द्या. काकांसाठी उपाय जुनाच: पूर्ण बंद. पण रोज पिणाऱ्याने एका रात्रीत स्वतःच्या मनाने बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो.

मी थेंबभर पीत नाही, तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. जंतूंमुळे?

मुख्य कारण पोटावरची चरबी, साखरेचा आजार, बसून काम. २०२३ मध्ये या आजाराचं इंग्रजी नावच बदलून त्यात चयापचयाचा उल्लेख आणला गेला तो यासाठीच. जंतू यात भर घालतात. चीनमधल्या एका रुग्णाला दारू न पिता, नुसतं गोड खाऊन नशा चढायची. त्याच्या आतड्यात क्लेब्सिएला न्युमोनीचा असा प्रकार निघाला जो साखरेपासून भरपूर अल्कोहोल बनवतो. मग तिथल्या फॅटी लिव्हरच्या इतर रुग्णांमध्ये शोध घेतला, तर सुमारे ६० टक्के लोकांत अशा जाती सापडल्या. तेही २०१९ मधलंच काम. पोटातल्या पोटात हातभट्टी म्हणा ना!

हे वाचून जंतू शोधत बसू नका. वजन ७ ते १० टक्के उतरलं की लिव्हरची सूज उतरते, आणि हे आजही कुठल्याही कॅप्सूलपेक्षा खात्रीचं आहे. ८० किलोच्या माणसासाठी ते ६ ते ८ किलो होतात. कोल्ड्रिंक, पॅकबंद रस आणि संत्रा बर्फी आधी कमी करा. संत्रं सोलून खा, रस काढू नका. संत्र्यांच्या गावात राहून रस गाळून चोथा फेकणं मला पटत नाही, त्या चोथ्यावरच तर चांगले जंतू जगतात.

सिरॉसिस झाल्यावर जंतू बदलतात का?

बदलतात, आणि कसे बदलतात तेही गमतीचं आहे. लिव्हर थकलं की पित्त कमी पडतं, साबण कमी झाला की नको ते जंतू माजतात. ई. कोलाय या जंतूच्या खानदानातले वाढतात आणि आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं बनवणारे घटतात. २०१४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी सिरॉसिसच्या रुग्णांच्या शौचाचा जनुकीय अभ्यास केला, तेव्हा तिथे मोठ्या संख्येने तोंडातले जंतू सापडले. हिरड्यांवर राहणारी मंडळी खाली मुक्कामाला आलेली. म्हणून सिरॉसिसच्या रुग्णाला मी दातांच्या डॉक्टरकडे पाठवतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा म्हणतो तेव्हा मला फक्त कॅन्सरची काळजी नसते.

बाबा रात्रभर जागतात, दिवसा झोपतात. परवा बँकेत सहीच जमली नाही. वय झालं म्हणून का?

बाबांना सिरॉसिस असेल तर वयावर ढकलू नका. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

प्रथिनं पचताना, आणि मोठ्या आतड्यात जंतू युरियाचं विघटन करतात तेव्हा, अमोनिया तयार होतो. आतड्याचं अस्तर स्वतःही तो बनवतं. हा सगळा अमोनिया नाक्यावर पकडला जातो आणि लिव्हर त्याचा निरुपद्रवी युरिया करून लघवीवाटे पाठवतं. सिरॉसिसमध्ये दोन गोष्टी होतात. अमोनियाचा युरिया करणाऱ्या लिव्हरच्या पेशी कमी होतात. आणि आत व्रणांमुळे रस्ता तुंबला की रक्त आजूबाजूच्या शिरांतून बायपास काढतं. वर्धा रोड जाम झाला की ट्रक जसे आउटर रिंग रोडने निघतात, तसा हा माल तपासणी न होता थेट मेंदूपर्यंत जातो. याला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात.

पहिली लक्षणं घरच्यांनाच दिसतात. झोप उलटी होते. चिडचिड वाढते किंवा माणूस अगदी गप्प होतो. शर्टाची बटणं चुकतात, सही वाकडी होते. हात पुढे करून पंजे मागे वाकवले तर ते झटके खात पडतात. ओपीडीत मी एक मिनिट देतो आणि प्राण्यांची नावं सांगायला लावतो. निरोगी माणूस सहज १५ च्या पुढे जातो. १० सुद्धा झाली नाहीत तर मी सावध होतो. ताडोबा चार वेळा पाहिलेला माणूस वाघ, बिबट, अस्वल म्हणून थांबतो तेव्हा शेजारी बसलेल्या मुलीचा चेहरा उतरतो. अशा अवस्थेत गाडी चालवू देऊ नका, लूनासुद्धा नाही.

आता उपचार. लॅक्टुलोजचं सायरप १९६६ पासून या आजारासाठी वापरात आहे. ही एक कृत्रिम साखर आहे. लहान आतड्यात ती पचत नाही, तशीच मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जंतू ती खातात. खाऊन आम्ल बनवतात. आम्लात अमोनियाचं रूप असं बदलतं की त्याला आतड्यातून रक्तात शिरता येत नाही, आणि सायरपने पोटही साफ होत असल्यामुळे तो शौचावाटे बाहेर पडतो. म्हणजे ज्या जंतूंनी त्रास दिला त्यांनाच कामाला लावलं. लोक मला जंतूंवरचं "लेटेस्ट" औषध विचारतात. मी हेच दाखवतो, आणि ते स्वस्त आहे म्हणून त्यांचा विश्वास बसत नाही.

मेंदूवरच्या या परिणामाचा झटका कशाने येतो, तेही शोधावं लागतं. बद्धकोष्ठता, कुठलाही संसर्ग, रक्ताची उलटी किंवा काळी संडास, लघवीच्या गोळ्यांचा जास्त डोस, झोपेची गोळी, आणि अंगातलं पाणी कमी होणं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की आमच्याकडे हे शेवटचं कारण फार. लग्नाच्या मांडवात दिवसभर घाम गाळला, पाणी प्यायला वेळ नाही, तीन दिवस पोट साफ नाही, आणि चौथ्या दिवशी माणूस असंबद्ध बोलतोय.

सायरप घेतलं की दिवसभर संडासातच बसावं लागते. बंद करू का?

बंद नाही, डोस कमी. दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौच, हे माप. एकदाच झालं तर डोस वाढवायचा. पाच-सहा वेळा पाण्यासारखं होत असेल तर घटवायचा, कारण जुलाबाने पाणी आणि क्षार गेले की तोच झटका पुन्हा येतो. गॅस होतो, पोट गुरगुरतं, ते सहन करावं लागतं. चव गुळचट आहे. पाण्यात मिसळून घेतलं तर बरं जातं. मधुमेह असला तरी बहुतेकांना चालतं, ते रक्तात फारसं शोषलं जात नाही.

रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक महिनोन्‌महिने कसं काय देता?

ते रक्तात जवळपास जातच नाही, आतड्यातच काम करतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९९ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत २२ टक्के आणि न घेणाऱ्यांत ४६ टक्के होतं. बहुतेक सगळे सोबत लॅक्टुलोजही घेत होते, त्यामुळे महागडी गोळी सुरू झाली म्हणून सायरप सोडायचं नाही. इतर अँटिबायोटिकांचं असं नाही. सर्दीसाठी मेडिकल स्टोअरमधून आणलेल्या गोळ्या चांगल्या जंतूंना मारतात आणि मागे उरतात ते औषधाला न जुमानणारे.

पोटात पाणी आहे आणि आता कणकण वाटते. एक पॅरासिटामॉल घेऊन सकाळी आलं तर?

रात्रीच या. जलोदराच्या पाण्यात आतड्यातले जंतू शिरून ते पाणी नासू शकतं, बहुधा ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला. ताप असेलच असं नाही. कधी नुसतं पोट दुखतं, कधी लघवी कमी होते, कधी फक्त गोंधळलेपणा असतो. बारीक सुईने पाणी काढून तपासतात. त्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला २५० किंवा जास्त निघाल्या की कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीची, वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं, जोडीला अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. अल्ब्युमिन महाग पडतं म्हणून नातेवाईक विचारतात, खरंच हवं का? हवं. १९९९ मधल्या चाचणीत अल्ब्युमिन मिळालेल्यांच्या किडन्या जास्त वाचल्या आणि मृत्यू कमी झाले. पैशांची अडचण असेल तर थेट मेडिकल किंवा मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं गाठा, पण वेळ घालवू नका. सुई टोचल्याने पाणी "वाढतं" हा समज अजून गावोगाव आहे. वाढत नाही.

ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी घेतो. तिचा काय संबंध?

जठरातलं आम्ल हा तोंडातल्या जंतूंसाठी पहिला पहारा. गोळीने तो उठतो. सिरॉसिसमध्ये या गोळ्या घेणाऱ्यांत पोटातल्या पाण्याचा संसर्ग आणि मेंदूवरचा परिणाम जास्त आढळतो. अल्सर असेल किंवा अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांना नुकतं बँडिंग झालं, म्हणजे रबरी बँड लावले असतील तर ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्या. "तर्री पोहे पचत नाहीत" म्हणून चार वर्षं घेत असाल तर पुढच्या वेळी चिठ्ठी घेऊन या, आपण बघू.

दही, ताक, प्रोबायोटिक?

घरचं ताजं ताक, कढी: खुशाल. फक्त मीठ बेताचं. पण ताकाला औषध समजू नका. दह्यातले जंतू बहुतेक पाहुणे असतात, चार दिवस राहून निघून जातात.

कॅप्सूल आणि पावडरींचं उत्तर सरळ नाही. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयात सिरॉसिसच्या १३० रुग्णांना सहा महिने आठ प्रकारच्या जंतूंचं मिश्रण किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय पावडर दिली गेली. २०१४ मध्ये निकाल आला. मिश्रण घेणाऱ्यांना दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी आली. मात्र मेंदूचे झटके कमी झाले असं ठामपणे सिद्ध झालं नाही. अभ्यास चांगला होता. अडचण अशी की दुकानात मिळणारा डबा आणि चाचणीतलं मिश्रण एक नसतं. लेबलवर "लिव्हर केअर" लिहायला काही लागत नाही. लॅक्टुलोजचे पैसे वाचवून कोणी हा डबा घेत असेल तर मी स्पष्ट नाही म्हणतो.

मग खायचं काय? डाळ बंद करायला सांगितली होती.

तो जुना सल्ला. अमोनिया वाढेल म्हणून पूर्वी प्रथिनं तोडायचे. पण लिव्हर थकल्यावर अमोनिया पकडणारा दुसरा मोठा अवयव म्हणजे स्नायू. प्रथिनं तोडली की दंड-मांड्या वाळतात आणि अमोनिया अधिकच वाढतो. आता सिरॉसिसमध्ये वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं देतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. तुरीचं वरण, मूग, चणे, दूध, पनीर, अंडं यांवर भर द्या. डाळींसोबत चोथाही जातो, पोट साफ राहतं, म्हणून त्या मांसापेक्षा मानवतात. ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी उत्तम. जवसाची चटणी करा, पण मीठ चिमूटभर.

मीठ हा आपल्याकडचा खरा शत्रू. पोटात पाणी असेल तर सगळं मिळून दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. लोणचं, पापड, कुरडया, शेव आले की ते तिथेच संपतं. सावजीबद्दल प्रत्येकजण हळूच विचारतो. तिखटाने सिरॉसिस होत नाही. सावजीत तेल आणि मीठ किती, आणि सोबत काय "बसतं", ते बघा.

रात्री झोपताना काहीतरी खायचंच: दूध-पोळी, मूठभर फुटाणे, केळं. सिरॉसिसमध्ये एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा अंगावर येतो. चतुर्थी आणि एकादशी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी सांभाळावी. कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची प्या, ती लिव्हरला मानवते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

गुळवेलीचा काढा तरी चालेल ना? नैसर्गिकच आहे.

नको. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. त्यानंतर मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले ६ रुग्ण नोंदवले, पुढे देशातल्या अनेक केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने पहिल्या अहवालावर आक्षेप घेतला होता, तेही सांगतो. पण ज्याचं लिव्हर आधीच आजारी आहे त्याने हा वाद स्वतःच्या पोटात सोडवू नये.

घरबसल्या शौचाची "मायक्रोबायोम टेस्ट" करावी का?

नको. रंगीत रिपोर्ट येतो. त्यावरून मी तुमच्या उपचारात काहीही बदलणार नाही.

दुसऱ्याचं शौच पोटात सोडून लिव्हर बरं करतात म्हणे?

खरं आहे, पण अजून संशोधनातच. तपासलेल्या निरोगी माणसाच्या शौचातले जंतू नळीने आतड्यात सोडतात. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलिअरी सायन्सेसमधून २०१७ मध्ये ८ रुग्णांवरचा छोटा अभ्यास आला. दारूमुळे लिव्हरला गंभीर सूज आलेले आणि स्टेरॉइड देता येत नाहीत असे ते रुग्ण होते. निकाल आशा वाटावी असे होते. पण २०१९ मध्ये अमेरिकेत अशाच उपचारातून दोन रुग्णांना औषधाला न जुमानणाऱ्या ई. कोलायचा संसर्ग झाला, त्यातला एक दगावला. मोठ्या केंद्रात, चाचणीचा भाग म्हणून कोणी विचारलं तर समजून घेऊन ठरवा. कुठल्या तरी क्लिनिकात पैसे भरून करू नका.

पुढच्या वेळी येताना काय आणू?

सगळ्या औषधांची पाकिटं, त्यात लपवून ठेवलेली चूर्णंही. आठवड्यातून दोनदा एकाच काट्यावर घेतलेलं वजन. शौच दिवसातून किती वेळा होते, याची कॅलेंडरवर मारलेल्या रेघांची नोंद. आणि रात्री त्याच खोलीत झोपणारं माणूस. रुग्ण "मी ठीक आहे" म्हणतो तेव्हा मी आधी त्या माणसाकडे बघतो.